तिसऱ्या नागचाफ्याचं कार्ड

कसालच्या बाजारातून आत वळलं की दोन मैलांवर कातळाचा एक उतार लागतो. १९९८ साली तिथे करवंदाच्या जाळ्या आणि सुकं गवत यांपलीकडे काही नव्हतं. वनखात्यातून निवृत्त झालेल्या अणावकरसाहेबांनी तो बावीस एकरांचा उतार विकत घेतला तेव्हा लोक म्हणाले, म्हाताऱ्याला ऊन लागलं. साहेबांना तिथे काजू लावायचे नव्हते की कलमं. जिल्ह्यात जेवढ्या जातींची रानझाडं आहेत त्यांतल्या प्रत्येकीची दोन-चार झाडं, कुठून आणली त्याच्या नोंदीसकट, त्यांना एका जागी उभी करायची होती. कागदोपत्री त्या जागेचं नाव वृक्षसंग्रह. आसपासच्या वाड्या मात्र तिला झाडांची शाळा म्हणत, कारण तिथे प्रत्येक झाडाला नंबर होता आणि दर जानेवारीत सगळ्यांची हजेरी घेतली जाई.

ती हजेरी घेणारी बाई म्हणजे शेवंती.

शेवंती वालावलची. सातवीपर्यंत शिकली आणि लग्न होऊन कुंभेवाडीला लवूच्या घरी आली. लवू पाडेली होता, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. पण माडच काय, कुठल्याही झाडावर तो पायरी चढावी तसा चढे, आणि कोणतं झाड कुठल्या घळीत आहे, त्याला कधी फळ धरतं, हे त्याला पाठ होतं. साहेबांनी त्याला बी गोळा करायला ठेवलं. पहिल्याच आठवड्यात त्याने आणलेल्या पिशव्यांत चिठ्ठ्या निघाल्या. अक्षर टपोरं, एकसारखं, एकही खाडाखोड नाही.

"हे कोणी लिहिलं?" साहेबांनी विचारलं.

"बायलेन. माका लिवूक खंय येता? मी फक्त चढतंय."

"बायको काय करते?"

"काय करतली? माझ्यार वराडता."

"तिला उद्यापासून इथे पाठव," साहेब म्हणाले. "इथे येऊन ओरडू दे."

असं ते काम सुरू झालं. बी आलं की आधी नंबर. वर्ष, त्या वर्षातली कितवी पिशवी आणि नंतर त्या पिशवीतून उगवलेलं कितवं झाड. मग कार्ड: झाडाचं नाव, गाव, जागा, कुठल्या आईझाडाचं बी, किती बिया, कोणी आणल्या, कधी. तीच नोंद पुन्हा मोठ्या वहीत, आणि झाड लागलं की नकाशावर एक टिंब. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर शेवंती हातोडीने एकेक आकडा ठोकी आणि पट्टी तांब्याच्या सैल तारेने फांदीला अडकवी. पहिल्या वर्षी पट्ट्या खिळ्याने खोडावर ठोकल्या होत्या. सावरीने दोन वर्षांत खिळ्यासकट नंबर गिळला, तेव्हापासून तार.

साहेब मितभाषी होते, पण एक गोष्ट त्यांनी तिला बसवून सांगितली. "शेवंती, झाडाचं नाव चुकलं तर फारसं बिघडत नाही. उद्या कोणी शहाणा येईल, पान बघेल, फूल बघेल आणि दुरुस्त करेल. पण बी कुठून आलं हे चुकलं, तर ते जगात कोणालाही दुरुस्त करता येणार नाही. झाड तोंडाने सांगत नाही." आणि लिहिलेलं खोडायचं नाही. चूक झाली तर तांबड्या शाईची एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला तारीख आणि सही. शेवंतीने हे इतकं मनावर घेतलं की घरच्या वाण्याच्या यादीतसुद्धा ती तांबडी रेघ मारू लागली.

तिच्या हातून एकच खोटी नोंद झाली. ती १९९९च्या सप्टेंबरअखेरची.

त्या दिवशी लवू वालावलहून आला. तिच्या माहेरच्या परड्यात जुना नागचाफा होता, त्याच्या पाच बिया त्याने पिशवीतून काढल्या. मग खांद्यावरच्या पंचाच्या गाठीतून आणखी तीन काढल्या. या तीन जरा मोठ्या, काळपट होत्या.

"ही खंयची?" शेवंतीने विचारलं.

"वालावलचीच लिव."

"वालावलची पाच हय आसत. ही तीन खंयची ता विचारतंय."

लवूने आधी दाराबाहेर पाहिलं. मग हळूच म्हणाला, "राईतली."

शेवंतीने हातातलं पेन खाली ठेवलं. कुंभेवाडीच्या सातेरीदेवीच्या राईतून काडी बाहेर न्यायची नाही, हे तिथल्या पोरांना चालायला लागण्याआधी शिकवतात. मोडलेली फांदी तिथेच कुजते, पडलेलं झाड तिथेच मातीला मिळतं. काही न्यायचंच झालं तर सगळ्या गावाने देवळात जमायचं आणि देवीला कौल लावायचा. गुरव देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पाकळी आधी पडली तर देवीची परवानगी, डावी पडली तर नाही. आजवर राईतल्या झाडासाठी गावाने कौल लावल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"तुमका काय वेड लागलाहा?" ती म्हणाली.

"ता झाड पोकळ झालाहा गो. बुडात माणूस बसात एवढा भोक. धा पावसाळे काढीत, मगे संपला. चपला भायर काढलंय, चार पावलां आत गेलंय, देवीक सांगलंय. कौल लावलो आसतो तर देवी नाय म्हणाली नसती. पण कौल लावूचो गावान, आणि गाव नाय म्हणतलो."

"मगे साहेबांका तरी सांगूया."

"साहेब उद्या पावण्यांका कार्ड दाखवतले. खड्डे खणूक आपल्याच वाडीची माणसां येतत. सांजेपर्यंत गावभर होतला. मगे तू खंय आणि मी खंय!"

शेवंतीने पेन पुन्हा उचललं. मग तिने लिहिलं: क्रमांक ९९-४३. नागचाफा. वालावल, घरामागचं परडं. एकच आईझाड. बिया आठ.

आठातल्या तीनच जगल्या. वालावलच्या दोन आणि राईतली एक. दुसऱ्या पावसाळ्यात ती तिन्ही रोपं एका ओळीत लागली, कारण एका नंबरची झाडं शेजारी शेजारी लावायची पद्धत होती. राईतलं झालं ९९-४३-३. नागचाफा मुळात सावकाश वाढणारं झाड, हे तर त्यातही मागे. पहिली काही वर्षं शेवंती खुणा केलेल्या बांबूने उंची मोजी, पुढे छातीइतक्या उंचीवर खोडाचा घेर. तिसऱ्याच्या कार्डावर दर वर्षी एक वाक्य वाढत गेलं: शेजारच्या दोघांपेक्षा तांबडी पालवी पंधरा दिवस उशिरा. असं तिने २००३ साली लिहिलं, २००४ साली लिहिलं, मग दर वर्षी. खरं काय ते लिहिता येत नव्हतं, तेव्हा जेवढं खरं लिहिता येईल तेवढं ती लिही.

लवू त्या ओळीजवळून जाताना तिसऱ्या झाडाच्या बुंध्याला हात लावून जाई. दुसऱ्या कुठल्या झाडाला लावत नसे.

२००७च्या श्रावणात लवू पडला. माडावरून नव्हे, घराच्या पायरीवर. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. महिन्याभराने एक शब्द परत आला, "व्हय", आणि तेवढाच राहिला. भूक लागली तरी व्हय, पोट भरलं तरी व्हय. पहिल्या दिवशी शेवंतीला हसू आलं. "सगळो जन्म माका नाय म्हटलात," ती त्याचं तोंड पुसत म्हणाली, "आता व्हय म्हणतास?"

"व्हय," लवू म्हणाला.

तेव्हापासून ती मोठी वही संध्याकाळी घरी आणू लागली. पेज भरवून झाली की ती वाची आणि लवू हजेरी दिल्यासारखा उत्तर देई. "नव्याण्णव-बारा, किंदळ." व्हय. "नव्याण्णव-तेरा, काजरा." व्हय. त्याने आणलेल्या एकशे बासष्ट पिशव्या होत्या. रोज थोड्या थोड्या करून महिन्याभरात सगळ्या वाचून होत आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

२००८ साली अणावकरसाहेब गेले. त्यांच्या जागी विश्वस्तांनी वर्षालीमॅडमना नेमलं. कोल्हापूरला वनस्पतिशास्त्र शिकलेली, सत्तावीस वर्षांची मुलगी. आल्या आल्या तिने सगळी कार्डं पाहिली आणि म्हणाली, "मावशी, एवढ्या स्वच्छ नोंदी मी कुठेच पाहिल्या नाहीत. मला यातलं एक अक्षरही बदलावं लागणार नाही." तिने सगळं संगणकात भरलं. शेवंतीला बरं वाटलं, आणि त्याच क्षणी ९९-४३चं कार्ड आठवलं.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात वादळ झालं. किनाऱ्यावर होड्यांचं नुकसान झालं, आत झाडं पडली. चार दिवसांनी शेवंती राईच्या बाजूच्या वाटेने गेली. पोकळ नागचाफा मुळासकट आडवा झाला होता. त्याच्याखाली एकही रोप नव्हतं. खाली पडलेलं बी रानडुकरं ठेवतच नसत. राईच्या रिवाजाप्रमाणे त्याला कोणी हात लावला नव्हता, लावणारही नव्हतं. ती हद्दीच्या दगडाबाहेर चपला काढून उभी राहिली. त्या झाडाचं आता जगात एकच मूल होतं, आणि ते कोणाचं हे दोघांनाच माहीत होतं. त्यातला एक "व्हय" शिवाय बोलू शकत नव्हता.

एप्रिल २०१०मध्ये वर्षालीने एकतीस झाडांची यादी तिच्या हातात दिली. दोडामार्गकडे रबरासाठी जंगल तुटत होतं. तिथून तिने दुर्मीळ झाडांची चाळीस रोपं वाचवून आणली होती आणि ती वर्षभर पिशव्यांत होती, मुळं आतल्या आत गोल फिरू लागली होती. पावसाआधी ती जमिनीत गेली नाहीत तर मरणार. कातळात खड्ड्याजोग्या मोकळ्या जागा नऊच उरल्या होत्या. विश्वस्तांनी नियम केला: एका आईची दोन झाडं पुरेत, तिसरं काढायचं, त्यातलं सर्वांत अशक्त असेल ते.

यादीत एकोणिसावा नंबर ९९-४३-३ होता.

शेवंतीने यादी टेबलावर ठेवली. "मॅडम, हे त्या आईचं नाही."

"कोणतं?"

तिने सगळं सांगितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ती ते मोठ्याने बोलली. वर्षालीने कार्ड काढून पुढे धरलं. "हे अक्षर तुमचंच ना? इथे आठ बिया लिहिल्यात."

"पाच होत्या. तीन राईतल्या. पालवी बघा ना मॅडम, दर वर्षी उशिरा येते. मी लिहून ठेवलंय."

"सख्ख्या भावंडांतही एखादं उशिरा बोलतं, मावशी. अशक्त झाडाची पालवी उशिरा येणं काही नवल नाही. पालवीवरून आई ओळखता येत नाही." तिने कार्ड जागेवर ठेवलं. "मी लवूकाकांना विचारू?"

त्या संध्याकाळी ती घरी आली आणि लवूच्या खाटेशी बसली. लवूने तिला ओळखलं, डावा हात कपाळापर्यंत नेला.

"काका, तिसरा नागचाफा. त्याचं बी सातेरीच्या राईतून आणलं होतं?"

"व्हय," लवू म्हणाला. शेवंतीचा जीव भांड्यात पडला.

वर्षालीने पुढे विचारलं. "की वालावलहून आणलं होतं?"

"व्हय."

"की मी आत्ता कोल्हापूरहून आणलं?"

"व्हय," लवू म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते झाडासाठी की नुसतं, हे कोण सांगणार? अर्धांग झाल्यापासून त्याला कशानेही रडू येई. वर्षालीने मान खाली घातली. जाताना ती अंगणात म्हणाली, "मावशी, गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाने लिहून दिलं तर मी विश्वस्तांपुढे ठेवीन."

गावात जाणता म्हणजे सत्यवान गावकर. देवळाचा पहिला मान त्याच्या घराकडे. शेवंती गेली तेव्हा तो माडाच्या झावळ्या विणत बसला होता.

"ये गो वैनी. लवूचा कसा आसा?"

"आसा तसाच. भावजीनू, तुमच्याकडसून एक कागद व्हयो होतो."

तिने सांगितलं तसे त्याचे हात हळूहळू थांबले. सगळं ऐकून तो उठला, आत डोकावून पाहिलं, कोणी ऐकत नाही ना, आणि पुन्हा बसला.

"राईतसून काडी भायर गेली नाय," तो म्हणाला.

"गेलीहा. माझ्याच घोवान नेलीहा."

"गेली नाय म्हणतंय ना मी!" मग आवाज उतरवून, "वैनी, जरा इचार कर. झाड वादळान पाडला म्हणतत लोक. उद्या कळला की बी चोरीला गेला होता, तर म्हणतले देवीन पाडला. लवूचा तोंड कशान गेला, ताय मगे तेच सांगतले. आज त्येका कोण मासे देता, कोण पेज देता. उद्या तुझ्या दारात पाय ठेवतलो कोण? मी आता सगळा इसरलंय. तूय इसर."

गेली तीन वर्षं, लवूचं तोंड पुसताना, तोच विचार शेवंतीच्याही मनात येऊन गेला होता. दर वेळी तिने तो झटकला होता. आता तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकला आणि झटकता येईना.

झाड हलवता आलं असतं तर! पण दहा वर्षांच्या नागचाफ्याचं सोटमूळ कातळाच्या भेगांत शिरलेलं, ते तोडलं की झाड गेलं. फांदीला गुटी बांधून मुळं फुटतात का, हे तिने वादळाच्या आधीच, दोन पावसाळे करून बघितलं होतं. दोन्ही वेळा सोडल्यावर आत काळी साल निघाली. फूल अजून एकदाही आलं नव्हतं, बी कुठलं असणार?

मेच्या पहिल्या आठवड्यात ती कार्ड आणि तांबडं पेन घेऊन वर्षालीसमोर बसली. "मॅडम, मी रेघ मारते. माझी नोंद, माझी चूक. बाजूला सही करते."

"मारा," वर्षाली म्हणाली. "मी अडवणार नाही. पण मग मला लवूकाकांच्या बाकीच्या एकशे एकसष्ट नोंदींपुढे 'मूळ जागा संशयास्पद' असं लिहावं लागेल."

"का? एकच खोटी आहे."

"हे कोणाला माहीत आहे?"

"मला."

"तुम्हाला अकरा वर्षं हीपण माहीत होती, मावशी."

ती हे टोचून बोलली नाही, म्हणूनच ते जास्त लागलं. पुढच्या वेळी जागा लागली तर आधी संशयास्पद झाडांवर कुऱ्हाड येणार, हेही तिने लपवलं नाही. लवूचे सगळे उन्हाळे, सगळ्या घळी, एका झाडाच्या बदल्यात. साहेबांनी सांगितलं होतं, झाड तोंडाने सांगत नाही. शेवंती पेन हातात घेऊन बसली. बाहेर पिशव्यांतल्या रोपांना पाणी घालत होते, तो आवाज येत होता. मग तिने पेनाला टोपण लावलं.

"मला वाईट वाटतंय, मावशी," वर्षाली म्हणाली.

"तुमचं काही चुकत नाही," शेवंती म्हणाली. ते खरंच होतं.

सतरा मेला सकाळी झाड तोडलं. अशा वेळी शेवंती हजर असे, कारण पट्टी आधी काढून घ्यावी लागे आणि शेवटचं माप लिहावं लागे. घेर पाच इंच. उंची अकरा फूट. पालवी पुरती उघडली होती, तांबडी जाऊन हिरवी व्हायला लागली होती. कापणारा माणूस म्हणाला, "केवढा कठीण ह्या! करवतीचे दात गेले." तिने तार उलगडली आणि पट्टी खिशात घातली. नंतर कचेरीत काढलेल्या झाडांच्या पट्ट्यांच्या डब्यात, क्रमाने, जागेवर ठेवली. कार्डावर लिहिलं: काढलं. १७-५-२०१०. कारण: एकाच आईचं तिसरं. सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं, याचं तिलाच वाईट वाटलं.

पुढच्या सोमवारी त्याच जागी दोडामार्गचं रानजायफळाचं रोप लागलं. त्याचं कार्ड शेवंतीनेच लिहिलं. वर्षालीने मूळ जागा सांगितली आणि तिने दोनदा विचारून घेतली.

त्या दिवशी संध्याकाळी घरी तिने पेज भरवली, लवूच्या पाठीला उशी दिली आणि वही उघडली. वाचनात नव्याण्णव साल चालू होतं.

"नव्याण्णव-बेचाळीस, सुरंगी."

"व्हय."

"नव्याण्णव-त्रेचाळीस-एक, नागचाफा."

"व्हय."

"नव्याण्णव-त्रेचाळीस-दोन, नागचाफा."

"व्हय."

तिसऱ्यावर तिने बोट ठेवलं आणि वाचलं नाही. खालच्या ओळीकडे गेली. घोटभर पाणी प्यायला ती थांबली.

"व्हय," लवू म्हणाला.

तिने वर पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. दाराबाहेर, जिथून कातळाचा उतार दिसतो तिकडे बघत होता. तो सवयीने बोलला, की मोजत होता, हे तिला विचारण्यात अर्थ नव्हता. विचारलं असतं तरी उत्तर एकच आलं असतं.

"नव्याण्णव-चव्वेचाळीस," शेवंतीने वाचलं. "उंडी."

"व्हय."